सत्तेची मर्यादा व समाजाचे कर्तव्य

बीड शहरानजीक, बिंदुसरा नदीवरील धरणाच्या परिसरात, पाली गावी एक वसतिस्थान आहे. एचआयव्हीची बाधा झालेल्या ज्या बालकांस घरचे दार बंद झाले, त्यांस तेथे आसरा मिळतो. 'इन्फंट इंडिया' नामक ही संस्था दत्ता व संध्या बारगजे या दांपत्याने उभी केली; कोणा मंत्रालयाच्या हुकमाने ती निर्माण झालेली नाही.

सत्ता दिल्लीत एकवटू नये असे म्हणणारांस हे उदाहरण फार सोईचे वाटेल. आम्हीही त्याच मताचे आहो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा अंमल सोसलेल्या जिल्ह्यास एकतंत्री कारभाराचे दोष आम्ही सांगावयास नकोत. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली व २९ विषय ग्रामसंस्थांपुढे मांडले गेले. परंतु राज्याचे विधिमंडळ हे अधिकार 'देऊ शकेल' असेच तेथील शब्द आहेत. 'दिलेच पाहिजेत' असे नाहीत. या दोहोंतील अंतर कोणाही वकिलास कळते. दिल्लीहून सुटलेली सत्ता मुंबईस अडली, तर गावास तिचा काय उपयोग?

असो. पण ज्या मुलांस असा आसरा शोधावा लागतो, त्यांस घराबाहेर कोणी काढले? सरकारने खास नव्हे. आप्तांनी, शेजाऱ्यांनी व गावाने. उलट, या रोगावरील औषधे १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागली ती केंद्राच्याच योजनेने. आणि शाळेत, नोकरीत, इस्पितळात अशा रोग्यांशी भेदभाव करण्यास मनाई झाली ती संसदेच्या २०१७ च्या कायद्याने. तेव्हा सत्तेस मर्यादा घालणे म्हणजे दुर्बळास गावाच्या स्वाधीन करणे नव्हे. मिल्ल व स्पेन्सर यांचे ग्रंथ पचविलेल्या आगरकरांनीही संमतिवयाच्या कायद्याचा पक्ष घेतला. १८९१ साली त्या कायद्याने वयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. व्यक्तीवर जुलूम सरकार करो की जात करो, तो जुलूमच होय. डॉक्टर आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाऐवजी व्यक्ती हाच घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, त्याचेही मर्म हेच.

तात्पर्य, सरकारने दुर्बळाचे रक्षण करावे व औषध पुरवावे. गावाचा कारभार गावाकडे सोडावा. पण मायेने जवळ घेण्याचे काम कोणत्याही कलमान्वये होत नाही. ते समाजाने टाकले, म्हणजे एका दांपत्याच्या शिरावर येऊन पडते. अधिकार मागणाऱ्या प्रत्येक ग्रामसभेस आमचा एकच सवाल आहे : असे एखादे मूल उद्या तुमच्या शाळेच्या दारी उभे राहिले, तर तुम्ही त्यास आत घ्याल काय? याचे उत्तर 'होय' असेल, तरच स्वराज्य गावापर्यंत पोहोचले असे आम्ही म्हणू.