औषधानंतर की औषधामुळे?

आज घोड्याच्या खुराकडे बघू. पुढच्या पायाच्या खुरात, टाचेच्या बाजूला, नौकेसारखं एक छोटं हाड असतं. त्याला नॅव्हिक्युलर म्हणतात. ते दुखू लागलं की घोडा लंगडतो. तिथे रक्त कमी पोचत असावं असं मानून, रक्तवाहिन्या रुंद करणारं आयसॉक्सुप्रीन वर्षानुवर्षं दिलं गेलं. शिरेतून टोचलं तर परिणाम दिसतो, नाडी वाढते, रक्तदाब उतरतो. पण तोंडावाटे दिलेलं औषध बरंचसं यकृतातच निकामी होतं. निरोगी घोड्यांच्या पायातला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा तोंडी औषधाने तो वाढलेला दिसला नाही.

मग काही घोडे सुधारले, ते कसे? आता बघा, त्याच दिवसांत घोड्याला विश्रांती मिळालेली असते, नालही बदललेली असते. 'औषधानंतर' म्हणजे 'औषधामुळे' नव्हे. घोड्याला औषधाची आशा नसते. ती आपल्याला असते, आणि लंगडणं कमी झालं का, हेही आपणच ठरवतो. म्हणून मुक्या जिवाच्या वतीने बोलण्याआधी आपण मोजून बघितलं पाहिजे. नाहीतर समाधान आपल्याला मिळतं आणि दुखणं घोड्याकडेच राहतं.