ऊन फुकट, दुपार महाग

खानदेशात उन्हाची टंचाई आहे, असे कोणी म्हटले तर जळगाव-धुळ्याचा माणूस हसेल. मे महिन्यात जेथे पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो, तेथे ऊन कमी कसे पडेल? तथापि हाडांच्या बळकटीला लागणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वाचा हिशेब निराळा आहे. आकाशात ऊन किती, याला तेथे महत्त्व नाही. अंगावर किती पडले, याला आहे.

हे शंभर वर्षांपूर्वीच दिसून आले होते. शेजारच्या नाशकात मुडदुसाची पाहणी करून हचिसन आणि शहा यांनी १९२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सकस अन्न मिळूनही पडद्याआड वाढणाऱ्या सुखवस्तू घरांतील मुलांना हा रोग जडत होता. निकृष्ट अन्नावर, पण उघड्यावर वाढणारी गरिबांची मुले त्यातून बहुतांशी सुटत होती. आज पडद्याची जागा कचेरी, वर्ग आणि शिकवणीच्या खोल्यांनी घेतली आहे. खिडकीतून उजेड येतो. परंतु जीवनसत्त्व घडविणारे किरण काच अडवते.

अन्नातून ही उणीव भरून निघणे कठीण. मासे आणि अंड्याचा बलक सोडल्यास हे जीवनसत्त्व फारसे कशात नाही. भाकरी, भरीत व केळी यांत तर नाहीच. दूध व खाद्यतेलात ते मिसळण्याची मानके २०१८ मध्ये ठरली, पण सुटे दूध घेणाऱ्या घराला त्याचा लाभ नाही.

खानदेशाचे अंधारे महिने दोन तऱ्हांचे आहेत. आषाढ-श्रावणात ढग किरण अडवतात. वैशाखात ऊनच माणसाला घरात कोंडते. उरतो हिवाळा. २२ डिसेंबरच्या माध्यान्ही लंडनचा सूर्य क्षितिजावर जेमतेम १५ अंश चढतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१६ पासून शरद व हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम पूरक मात्रा घेण्याचा सरकारी सल्ला आहे. जळगावात त्याच दिवशी सूर्य ४५ अंशांवर असतो. ढोबळ कसोटी अशी, की सावली उंचीहून आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे. सकाळचे कोवळे ऊन ऊब देते, जीवनसत्त्व फारसे देत नाही.

येथेच खरी अडचण आहे. ऊन ही अर्थशास्त्राच्या भाषेत निर्मूल्य वस्तू. दुपार मात्र तशी नाही. कारकुनाची दुपार कचेरीला, विद्यार्थ्याची वर्गाला आणि गृहिणीची स्वयंपाकघराला विकली गेलेली असते. मग घरोघर औषधांच्या पुड्या येतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेत राहिल्यास अपायही होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शाळांनी कवायतीचा तास सकाळऐवजी दुपारी ठेवावा, कचेऱ्यांनी मधली सुटी अंगणात घालवू द्यावी. यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. वेळापत्रकातील एक ओळ बदलावी लागते. तेवढेही न केल्यास, उन्हाच्या या प्रांतात हाडे ठिसूळ होण्याचा दोष सूर्याकडे जाणार नाही.