बायोस अपडेटनंतर लॅपटॉपची स्क्रीन काळी

बायोस हा लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील छोट्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम. बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी तोच जागा होतो.

अपडेटमध्ये चिपवरचा जुना मजकूर पुसून नवा लिहिला जातो. मध्येच वीज तुटली, तर लिखाण अर्धवट राहते. भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावी पावसाळी वाऱ्यात लाइन केव्हाही जाऊ शकते. त्यामुळे बॅटरी भरलेली आणि चार्जरही जोडलेला हवा.

काळी स्क्रीन म्हणजे बिघाडच, असे नाही. अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी नव्याने होते. त्याला काही मिनिटे लागतात, पंखा फिरत राहतो. पंधरा-वीस मिनिटे बटणाला हात लावू नये.

त्यानंतर कॅप्स लॉक दाबून पाहावे. दिवा लागत-विझत असेल, तर लॅपटॉप बहुधा सुरू आहे, अडचण डिस्प्लेची आहे. स्क्रीनवर तिरका टॉर्च मारल्यास पुसट चित्र दिसले, तर बॅकलाइट बंद आहे. एचडीएमआयने टीव्ही जोडूनही खात्री होते.

दिवा लागत नसेल, तर चार्जर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरावे. मग चार्जर लावून पुन्हा सुरू करावे.

तरीही स्क्रीन काळीच राहिली, तर बायोसची रिकव्हरी, म्हणजे तो पुन्हा नीट लिहून घेणे. एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये विंडोज आणि बी या कळा पॉवर बटणासह दाबतात. डेलच्या अनेक मॉडेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप दाबून धरत चार्जर जोडतात. काही वेळा बायोसची फाइल असलेला, फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्हही लागतो.

शेवटचा मार्ग कारागिराचा: प्रोग्रामर यंत्राने चिपवर बायोस थेट लिहिणे.