विश्लेषण : गाईच्या दुधाची ‘सेन्सिटिव्हिटी’ तपासणी काय सांगते?

दुधात गुठळ्या दिसल्या, कास कडक लागली की पशुपालक ओळखतो, गाईला दगडी (कासदाह) झाली. डॉक्टर अँटिबायोटिकचे इंजेक्शन देतात. तीन-चार दिवसांत फरक पडला नाही तर औषध बदलते, आणि तेव्हा कुठे दूध प्रयोगशाळेत पाठवण्याची आठवण होते. पण औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात अनेकदा जिवाणू वाढतच नाहीत. अहवाल कोरा येतो, आजार कासेतच राहतो.

नमुना कसा घ्यायचा?

पहिल्या इंजेक्शनच्या आधी. सड धुऊन कोरडे करायचे, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे, पहिल्या धारा सोडून द्यायच्या आणि मग थोडे दूध निर्जंतुक नळीत घेऊन नळी बर्फात ठेवायची. बादलीतले दूध चालत नाही. त्यात शेणामातीचे जिवाणूही असतात.

प्रयोगशाळेत काय होते?

आधी दुधातला जिवाणू वाढवून वेगळा करतात. मग तो अगारच्या बशीवर पसरून त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवतात. ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तासांनी चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ दिसते, ते मिलिमीटरमध्ये मोजतात.

इथे मोठी गफलत होते. सर्वांत मोठे वर्तुळ म्हणजे सर्वांत चांगले औषध, असे नाही. प्रत्येक औषधाची पट्टी वेगळी. दगडीला कारण ठरणाऱ्या ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’साठी सेफॉक्सिटिनच्या चकतीला २२ मिमी पुरतात, पेनिसिलिनला २९ लागतात. म्हणजे २५ मिमीचे वर्तुळ एकीकडे पास, दुसरीकडे नापास. त्यामुळे अहवालात आकड्यापेक्षा एस (लागू), आय (मधले) की आर (निष्प्रभ) हे अक्षर पाहायचे.

अहवालासाठी थांबायचे का?

अहवालाला दोन-तीन दिवस लागतात आणि तापलेली गाय तेवढी थांबू शकत नाही. नमुना घेऊन डॉक्टर अनुभवाने उपचार सुरू करतात. अहवाल आल्यावर गरज असेल तर औषध बदलतात. बशीत ‘एस’ आले तरी कासेत गुण येईलच, याची मात्र हमी नाही. हा जिवाणू कासेच्या आतल्या भागात दडून बसतो, तिथे औषध पुरेसे पोहोचत नाही.

चुकलेल्या औषधाचा हिशेब पशुपालकाच्या खिशातूनच होतो. उपचार चालू असताना आणि नंतर लेबलवर दिलेल्या दिवसांपर्यंत ते दूध डेअरीत घालता येत नाही. औषध बदलले की हे दिवस नव्याने मोजायचे.