स्वयंरोजगार आणि चंचल अवधान

नोकरीत हजेरीपट व वरिष्ठांची नजर कामाला चौकट देतात. स्वयंरोजगारात ती नसते. अवधान-न्यूनता व अतिचंचलता, अर्थात एडीएचडी, असलेल्या शिंप्याला ही उणीव फार जाचते. कर्जाचा हप्ता थकला की ‘माणूस आळशी’ असा शेरा बसतो. तो अन्यायाचा होय. ही अवस्था बालपणी सुरू होऊन प्रौढपणीही टिकू शकते. दूरची मुदत अशा मनाला टोचतच नाही. दिवाळीचे कपडे आदल्या रात्री आठवतात! म्हणून मुदतीचे तुकडे पाडावेत. आज बेतणे, उद्या शिलाई, परवा काज-बटण. आणि प्रत्येक टप्प्याला गिऱ्हाईक बोलवावे. गजराचे घड्याळ समोर, मोबाईल दुसऱ्या खोलीत. शेजारी कोणी आपले काम करीत बसले, तरी पुष्कळांचा हात चालू राहतो. एवढ्याने न भागल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. औषधोपचार उपलब्ध आहेत.