फिलेमोनाचे पत्र आणि प्रचारकांचे शास्त्राध्ययन

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत रविवारचा उपदेश बहुधा प्रचारकाकडे असतो. पाळकांच्या देखरेखीखाली अनेक मंडळ्या असल्यामुळे त्यांचे येणे महिन्यातून एकदा, फार तर दोनदा होते. अशा प्रचारकांस आपण प्रशिक्षणवर्गात काय देतो? पुष्कळदा उपदेशाचे सांगाडेच देतो: तीन मुद्दे, दोन दाखले आणि शेवटी एक गीत. सांगाडे संपले की प्रचारकही अडतो, कारण शास्त्रभाग स्वतः कसा वाचावा हे त्यास कोणी दाखविलेले नसते. म्हणून वर्गाचे पहिले दोन दिवस उपदेशाचे नावही न काढता केवळ वाचनास द्यावेत, आणि त्यासाठी फिलेमोनास लिहिलेले पत्र घ्यावे, असे आम्ही सुचवितो.

हे पत्र अवघ्या २५ वचनांचे आहे. एका बैठकीत ते तीनदा मोठ्याने वाचून होते. शिवाय ते आपणांस ठाऊकच आहे, असे प्रत्येकास वाटते. खरी मेख तेथेच आहे. अनेसिमाने काय केले होते, असे वर्गात विचारावे. चोरी करून पळाला, असे उत्तर तत्काळ येते. मग ते कोणत्या वचनात आहे हे दाखवावयास सांगावे. १८ व्या वचनाकडे बोट जाईल. पण तेथे पौल 'जर' घालून बोलतो. काही नुकसान झाले असेल किंवा देणे राहिले असेल तर ते आपल्या हिशेबी मांडावे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. १५ व्या वचनात तो पळण्याचा उल्लेख करीत नाही, केवळ ताटातुटीचा करतो. अनेसिम पळाला असणे संभवनीय आहे, आणि पुष्कळ टीकाकारांचे मत तसेच आहे. धन्याशी बिनसल्यामुळे तो धन्याच्या मित्राकडे मध्यस्थीसाठी गेला असावा, असेही काही अभ्यासक मानतात. पत्र स्वतः मुग्ध आहे. पत्रात लिहिलेले कोणते आणि आपण पदरचे घातलेले कोणते, हे प्रत्येकाने दोन रकान्यांत मांडावे.

हा भेद कोणास निव्वळ पंडिती वाटेल. पण तो तसा नाही. वेठबिगारी आपल्या देशात कायद्याने रद्द झाली ती १९७६ साली. ज्यांच्या वडिलांनी कर्जापोटी दुसऱ्याच्या शेतावर जन्म घालविला, असे लोक आजही मंडळीत बसलेले असू शकतात. चोरट्या चाकराने मुकाट्याने धन्याकडे परत जावे, हाच ह्या पत्राचा बोध म्हणून त्यांच्यापुढे मांडला, तर देव कोणाच्या बाजूचा आहे असे ते समजतील? पत्रातील जड मागणी धन्याकडे आहे. परत येणाऱ्यास त्याने दासाहून अधिक, म्हणजे बंधू मानावे (१६). प्रत्यक्ष पौल आला असता जसे स्वागत केले असते तसे करावे (१७). शिवाय पत्र एकट्या फिलेमोनास नाही, त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीसही आहे (२). म्हणजे धनी काय करतो हे चार भिंतींआड राहणार नव्हते. त्याचबरोबर, अनेसिमास दास्यातून मुक्त कर, असे पौल उघड शब्दांत कोठेही म्हणत नाही, हेही प्रचारकाने पाहिले पाहिजे. ते वाक्य पत्रात असावयास हवे होते असे आपणांस कितीही वाटले, तरी ते आपण घालू नये.

दुसऱ्या दिवशी सर्वनामे पाहावीत. येथे मराठी वाचकाची मोठी सोय आहे. इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच शब्द चालतो. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे राहतात, आणि मूळ ग्रीकमधील एकवचन-अनेकवचन त्यांतून दिसते. ह्या पत्राचे अभिवादन अनेकांना आहे, ४ थ्या वचनापासून पौल एकट्या फिलेमोनाशी बोलतो, आणि २२ व्या वचनात प्रार्थनांचा उल्लेख करताना पुन्हा सर्वांकडे वळतो. लूक २२:३१-३२ येथेही हेच ताडून पाहावे: सैतानाची मागणी सर्व शिष्यांविषयी आहे, प्रभूची प्रार्थना मात्र एकट्या शिमोनासाठी.

'आम्ही' आणि 'आपण' ह्यांची गोष्ट उलट आहे. ग्रीकमध्ये दोहोंस एकच शब्द असल्यामुळे मराठीतील निवड ही भाषांतरकाराची असते. बडोद्याच्या प्रचारकाने गुजराती व हैदराबादच्या प्रचारकाने तेलुगू शास्त्र शेजारी ठेवावे. त्या भाषांतही हा भेद आहे. जेथे निवड निराळी आढळेल तेथे थांबून, बोलणारा ऐकणाऱ्यांस आपल्यात धरतो की नाही, हे संदर्भावरून ठरवावे. कन्नड व ग्रांथिक हिंदी ह्यांत हा भेद नाही (माळव्याच्या बोलीत 'अपन' आहे, पण तो बोलीतच राहिला). म्हणून बेळगाव, इंदूर व ग्वाल्हेर येथील वर्गांनी बायबल सोसायटीचे भाषांतर आणि पंडिता रमाबाईंचे १९२४ साली प्रसिद्ध झालेले भाषांतर एकमेकांशी ताडून पाहावे. ग्रीक न शिकलेल्यास ह्याहून चांगले साधन सहज मिळणार नाही.

टीकाग्रंथ तिसऱ्या दिवसापर्यंत कपाटातच ठेवावेत. ते उघडण्यापूर्वी कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राचा ४ था अध्याय वाचावा. १७ व्या वचनात फिलेमोनाच्या पत्रातील अर्खिप्प पुन्हा भेटतो, आणि ९ व्या वचनात तुखिकाबरोबर कलस्सै येथे पाठविला जाणारा, विश्वासू व प्रिय बंधू म्हणून गौरविलेला अनेसिम भेटतो. दोन रकान्यांचे कागद त्यानंतर परत मागवून, आता कोणता शब्द कोणत्या रकान्यात न्यावयाचा, हे प्रचारकांनाच ठरवू द्यावे.