वखारीतील माल आणि मोबाइलवरील पावती

सोयाबीन खळ्यावर येते ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. दुकानदाराची उधारी, मजुरी, रब्बीचे बी-खत या साऱ्या निकडी त्याच वेळी उभ्या राहतात. सर्वांचा माल एकदमच बाजारात जातो आणि आवक वाढताच भाव उतरतो. माल उत्तम असूनही थांबण्याची ऐपत नसल्यामुळे शेतकऱ्यास तोटा सोसावा लागतो. या अडचणीवर इलेक्ट्रॉनिक वखार पावती हा एक उपाय होय.

वखारीची पावती ही काही नवी गोष्ट नव्हे. परंतु कागदी पावती हरवत असे, फाटत असे; क्वचित एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज उचलले जाई. केंद्र शासनाने २००७ साली यासंबंधी कायदा केला, २०१० साली नियामक प्राधिकरण स्थापन केले आणि २०१७ साली ही पावती संगणकावर आली. १ ऑगस्ट २०१९ पासून प्राधिकरणाकडे नोंदलेल्या वखारींनी अशी पावती याच स्वरूपात द्यावयाची आहे.

मालाचे वजन व प्रत तपासून पावती शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते. बँकेने तिच्यावर कर्ज दिले की बोजा नोंदला जातो. तो उतरेपर्यंत माल हलविता येत नाही. अशा कर्जांना हमी देण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने १,००० कोटी रुपयांचा निधी उभारला.

तथापि, थांबणे फुकट पडत नाही. समजा, २० क्विंटल सोयाबीन ठेविले, भाव ४,००० रुपये धरला आणि ५६,००० रुपये कर्ज घेतले. सालीना ७ टक्के दराने चार महिन्यांचे व्याज सुमारे १,३०७ रुपये होईल. वखारभाडे दरमहा क्विंटलला १० रुपये धरल्यास ८०० रुपये होतील. म्हणजे क्विंटलमागे सुमारे १०५ रुपये भाव चढला, तरच खर्च भरून निघेल. भाव चढेलच असे नाही; म्हणून काही माल आधी विकून निकड भागवावी व उरलेला ठेवावा, हे शहाणपणाचे.

माल वाळवून, चाळून न्यावा. ओलावा १२ टक्क्यांहून अधिक नसावा. वखार नोंदलेली आहे, याची आधी खात्री करावी. खात्यास स्वतःचाच मोबाइल क्रमांक जोडावा आणि त्यावर येणारा ओटीपी व्यापाऱ्यास, दलालास वा बँकेचे नाव सांगणाऱ्यासही देऊ नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वीच शेतकऱ्यांची खाती उघडून द्यावीत व वरील हिशेब त्यांजकडून करवून घ्यावा. पावती यंत्रावर असली, तरी विक्रीचा निर्णय शेतकऱ्याच्याच हाती राहिला पाहिजे.